कलाखोलीची किल्ली परत द्या

मा. संचालक मंडळ आणि खर्च समितीचे सर्व सदस्य यांस,

सविनय नमस्कार.

मी आपल्या मनोरुग्णालयाच्या महिला वॉर्डातली परिचारिका. 19 वर्षे इथे आहे. या विषयावर मी आपल्याला याआधी दोन पत्रे लिहिली आणि दोन्ही आवक विभागात रीतसर नोंदवून दिली. पहिल्याचे उत्तर आले नाही. दुसरे ‘नोंद घेतली’ असा शेरा घेऊन माझ्याकडेच परत आले. म्हणून हे तिसरे पत्र उघड लिहिते आहे. त्यात रुग्णालयाचे नाव घातलेले नाही. आपल्याला ते ठाऊक आहे, आणि इतर वाचकांचे त्यावाचून अडणार नाही. अशी कुलूप लागलेली खोली त्यांच्याही ओळखीच्या एखाद्या रुग्णालयात, निवारागृहात किंवा शाळेत असेल.

आपल्या ठरावात तीन गोष्टी आहेत. तळमजल्यावरची कलाखोली जुने केसपेपर ठेवायला द्यायची. कलोपचार करणाऱ्या ताईंचा करार संपला की पुढे वाढवायचा नाही. आणि रुग्णांच्या मनोरंजनात खंड पडू नये म्हणून वर्षातून एकदा चित्रकला स्पर्धा घ्यायची. ‘मनोरंजन’ हा शब्द मी तीनदा वाचला. त्या खोलीत सहा वर्षे जे चालले होते त्याला हा शब्द कुणी लावला, आणि लावण्याआधी तो माणूस एकदा तरी आत येऊन बसला होता का, हे मला कळायला हवे.

तिथे काय चालायचे ते सांगते. ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

एक बाई पाच महिने बोलत नव्हत्या. जेवण, आंघोळ, औषध, सगळे हाताला धरून. राउंडला डॉक्टर विचारायचे, ‘आज कसं वाटतंय?’ बाई भिंतीकडे बघायच्या. मीही दिवसातून दहा वेळा विचारायची. आता कळते की आम्ही त्यांच्याकडे सारखी तीच एक गोष्ट मागत होतो, जी त्यांच्याजवळ नव्हती. शब्द.

कलाखोलीत पहिल्या दिवशी ताईंनी त्यांच्यापुढे मातीचा गोळा ठेवला आणि दुसरा गोळा घेऊन स्वतः शेजारी बसल्या. प्रश्न नाही, सूचना नाही. बाईंनी अर्ध्या तासाने मातीवर अंगठा दाबला. खळगा पडला. ताईंनी आपल्या गोळ्यावर तसाच अंगठा दाबला. त्या दिवशी एवढेच झाले. पुढचे पाच आठवडे बाई खळगे पाडत राहिल्या, ओळीने, एकाला लागून एक. सहाव्या आठवड्यात त्यांचे बोट एका लयीत पडायला लागले. ताईंनी माती बाजूला न सारता टेबलावर तोच ठेका धरला. बाईंनी मान वर केली. थोड्या दिवसांनी त्या ठेक्यावर घशातून हुंकार आला, आणि एका दुपारी त्या हुंकाराचे एक नाव झाले. त्यांच्या धाकट्या लेकराचे, जे आता नाही. मग त्या रडल्या. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

मातीने त्या बऱ्या झाल्या असे माझे म्हणणे नाही. औषधे चालू होती, डॉक्टरांचे लक्ष होते, बहीण दर आठवड्याला येत होती. मी रात्रपाळ्याही करते, म्हणून रात्रीचे सांगते. पहाटे तीनला खिडकीशी उभ्या असायच्या त्या बाई त्या आठवड्यापासून झोपू लागल्या. डॉक्टरांशी बोलू लागल्या. डॉक्टरांना औषधाचा डोस ठरवायला लागते ती माहिती त्यांच्या तोंडून पहिल्यांदा मिळाली ती यानंतर.

दुसरी हकीकत माझी स्वतःची आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या पाळीत एक तरुण रुग्ण गेली. तिने स्वतःला संपवले. मी अहवाल लिहिला, वेळा लिहिल्या, सह्या केल्या, चौकशीत उत्तरे दिली. त्यानंतर दोन महिने तिच्या पलंगाजवळून जाताना माझे पाय जड व्हायचे आणि मी कुणाला काही सांगितले नाही. परिचारिकेने खचायचे नसते, असे आम्हाला कुणी शिकवत नाही, तरी आम्ही ते शिकतो. ताईंनी कर्मचाऱ्यांसाठी शनिवारी एक तास ठेवला होता. मी गेले, जुने वर्तमानपत्र घेतले आणि अर्धा तास नुसते फाडत बसले. मग ते तुकडे एका कागदावर चिकटवले. दिसायला काहीच नव्हते, काळे-करडे ठिगळ. पण त्यात मधे एक मोकळी जागा सुटली होती, पलंगाच्या आकाराची. ताईंनी विचारले, ‘या जागेला काही म्हणायचं असेल तर काय म्हणाल?’ मी घरी जाऊन ते लिहिले. सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, ताईंनी सांगितले तसे. नंतर समजले की ही पद्धत अशीच सुचलेली नव्हती. जेम्स पेनबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1986 साली विद्यार्थ्यांना चार दिवस रोज पंधरा मिनिटे मनावरच्या आघाताबद्दल लिहायला लावले होते, आणि घटना व भावना दोन्ही लिहिणारे विद्यार्थी पुढच्या सहा महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा गेले होते.

मी अजून या नोकरीत आहे त्याला तो एक तास कारण आहे. तेव्हा या पत्रात मी तटस्थ नाही. त्या खोलीने मला जे दिले त्याची ही परतफेड समजा.

आता तक्रारी.

पहिली त्याच शब्दाची. मनोरंजन चांगली गोष्ट आहे. वॉर्डात टीव्ही आहे, कॅरम आहे, त्यांची गरजही आहे. पण कलोपचार ही वेगळी गोष्ट आहे आणि तिला स्वतःचा इतिहास आहे. एड्रियन हिल हे इंग्रज चित्रकार क्षयरोगावर उपचार घेत आरोग्यधामात पडून होते. तिथे चित्रे काढता काढता त्यांना आणि शेजारच्या खाटांवरच्या रुग्णांना जे जाणवले त्याला त्यांनी 1942 साली ‘आर्ट थेरपी’ हे नाव दिले. त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स मनोरुग्णालयात मेरियन चेस या नर्तकीने न बोलणाऱ्या रुग्णांसमोर उभे राहून त्यांच्याच हालचाली आपल्या अंगावर घ्यायला सुरुवात केली. ताईंनी मातीवर दाबलेला अंगठा मला त्याच जातीचा वाटतो. पुढे 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या लेस्ली कॉलेजात शॉन मॅकनिफ, पाओलो निल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही वेगवेगळी माध्यमे एका छपराखाली आणली. चित्रातून हालचालीत, हालचालीतून आवाजात, आवाजातून लिहिण्यात. एका माध्यमात माणूस अडला की दुसऱ्याचे दार उघडे ठेवायचे. यालाच एक्स्प्रेसिव्ह आर्ट्स थेरपी म्हणतात. निल यांचे सूत्र होते की कौशल्य थोडके असले तरी चालेल, संवेदना मात्र जागी हवी. आमच्या वॉर्डातल्या ज्या बायकांनी शाळा सोडल्यापासून हातात खडू धरला नव्हता त्यांच्यासाठी याचा अर्थ फार मोठा होता. ‘मला चित्र येत नाही’ हे वाक्य त्या खोलीच्या उंबऱ्यावरच गळून पडायचे.

हे सगळे मन रमवण्यापुरते असते तर शरीरात काही उमटले नसते. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात 39 प्रौढांना 45 मिनिटे माती, रंग, कागद यांपैकी हवे ते घेऊन काम करू दिले. सुमारे तीन चतुर्थांश लोकांच्या लाळेतले कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी जोडलेले संप्रेरक, कमी झाले. चित्रकलेचा आधीचा अनुभव असण्या-नसण्याने फरक पडला नाही. त्याच्या वीस वर्षे आधी, 1996 मध्ये, आघातातून गेलेल्या मोजक्या लोकांना त्यांचीच हकीकत ऐकवत मेंदूचे स्कॅन घेतले गेले होते. बोलण्याशी संबंधित असलेल्या ब्रोका भागाचे काम त्या क्षणी मंदावलेले दिसले. ती बाई भिंतीकडे का बघायची, हे मला 13 वर्षांच्या नोकरीनंतर त्या एका माहितीने समजले. ती हट्टी नव्हती. आम्ही ज्या दारावर थापा मारत होतो ते आतून अडकलेले होते.

दुसरी तक्रार स्पर्धेची, आणि ही मला सगळ्यात जास्त खुपते.

कलाखोलीचा पहिला नियम होता की इथे कुणी कुणाच्या कामाला चांगले-वाईट म्हणायचे नाही. ‘छान’ असेही नाही. सुरुवातीला मला हे विचित्र वाटले. कुणी काही दाखवले की कौतुक करायचे हे आपल्या अंगवळणी पडलेले असते. पण छान म्हटले की पुढच्या वेळी माणूस छान काढायला जातो, खरे काढायला जात नाही, हे मी तिथे बघितले. ब्रिटनमध्ये एडवर्ड ॲडमसन या चित्रकाराने 1946 पासून नेदर्न रुग्णालयात रुग्णांसाठी स्टुडिओ चालवला. त्यांचे काम रुग्णांच्या शेजारी असण्याचे होते. शिकवायचे नाही, सुधारायचे नाही, अर्थ लावायचा नाही. बरे करणारी गोष्ट ती घडवण्यात आहे, असे ते मानत.

आता अशा खोलीतून आलेल्या माणसाला सभागृहात रांगेत बसवून, विषय देऊन, वेळ लावून चित्र काढायला सांगणे आणि मग तीन परीक्षकांनी फिरून क्रमांक देणे, याचा परिणाम काय होतो? अंदाजाने सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी आपण अशी एक स्पर्धा घेतली होती. विषय होता ‘माझे घर’. आमच्या वॉर्डातल्या एका मुलीला घरातूनच इजा झालेली होती आणि ते तिच्या केसपेपरवर लिहिलेले होते. तिने घर काढले, त्याला दार काढले नाही. परीक्षकांपैकी एकांनी मायेने सांगितले, ‘बाळ, दार राहिलं.’ त्यांना काही ठाऊक नव्हते, त्यांची चूक मी म्हणणार नाही. त्या मुलीने कागद फाडला आणि पुढचे तीन आठवडे ती कलाखोलीकडेही फिरकली नाही. सहा महिन्यांचे काम एका वाक्याने मागे गेले. बक्षीस मिळालेल्या चित्रांचे फोटो वार्षिक अहवालात छापले गेले, खाली रुग्णांची पहिली नावे. त्यांना विचारले होते का? मी वॉर्डात होते. विचारले नव्हते.

कुणाच्या जखमेला पहिला आणि दुसरा क्रमांक देता येत नाही. कृपा करून ही स्पर्धा घेऊ नका.

तिसरी तक्रार पुराव्याची. मंडळातल्या एका सदस्यांनी विचारले होते की याने रुग्ण बरे होतात याचा पुरावा काय. हा प्रश्न योग्य आहे आणि त्याला मी प्रामाणिक उत्तर देणार आहे, माझ्या विरुद्ध जाईल तेही धरून. 2012 साली ब्रिटनमध्ये स्किझोफ्रेनियाच्या 417 रुग्णांवर सामूहिक आर्ट थेरपीची मोठी चाचणी झाली. आठवड्यातून एकदा गटात बसायचे, असे तिचे स्वरूप होते. नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत फायदा दिसला नाही. पण नेमून दिलेल्या गटांना बरेच रुग्ण फारसे आलेच नाहीत, हेही त्यात नोंदलेले आहे. म्हणजे कुणालाही, कसेही, गटात बसवले की काम होते असे नाही, हे त्या चाचणीने दाखवले. आणि तरीही ब्रिटनच्या आरोग्यसेवेला मार्गदर्शन करणाऱ्या नाइस या संस्थेने सायकोसिसच्या, म्हणजे वास्तवाशी धागा सुटलेल्या, रुग्णांसाठी, विशेषतः जे आत मिटून गेलेले असतात त्यांच्यासाठी, कलोपचारांचा विचार करावा ही शिफारस 2014 मध्येही कायम ठेवली. 2019 साली जागतिक आरोग्य संघटनेने 3000 हून जास्त अभ्यासांचा आढावा घेतला आणि आजार टाळण्यात व आजार हाताळण्यात कलांचा वाटा आहे असा निष्कर्ष मांडला.

हे झाले जगाचे. आपल्या खोलीचा पुरावा आपण मागितला असता तर तोही होता. सहा वर्षांचा हजेरीपट मी ठेवला आहे. कोण किती वेळा आले, कुणी मधेच सोडले, कुणाला त्रास वाढला म्हणून थांबवावे लागले, त्या आठवड्यात झोप कशी होती, गरजेपुरत्या द्यायच्या गोळ्या किती लागल्या, सगळे लिहिलेले आहे. हे संशोधन नाही, एका परिचारिकेच्या वह्या आहेत. पण ठराव करण्याआधी त्या कुणीही मागितल्या नाहीत. पुरावा नाही असे म्हणणे आणि पुरावा पाहिला नाही असे म्हणणे, यांत फरक आहे.

चौथ्या तक्रारीबद्दल वॉर्डात सगळे दबक्या आवाजात बोलतात. मी ती सरळ लिहिते.

ठरावाच्या दोन महिने आधी कलाखोलीतल्या आठ बायकांनी एक छोटे नाटुकले बसवले होते. ब्राझीलचे रंगकर्मी ऑगस्तो बोआल यांनी 1970 च्या दशकात घडवलेल्या फोरम थिएटरच्या पद्धतीचे. त्यात एक अन्यायाचा प्रसंग करून दाखवतात, तो वाईट संपतो, मग तोच प्रसंग पुन्हा सुरू होतो आणि बघणाऱ्यांपैकी कुणीही ‘थांबा’ म्हणून उठून पात्राची जागा घेतो व वेगळे काही करून बघतो. बायकांनी निवडलेला प्रसंग होता सकाळच्या आंघोळीच्या रांगेचा. आडोसा नसलेल्या बोळात, अर्ध्या कपड्यांत, वीस-पंचवीस जणींनी उभे राहायचे. वर आम्ही ओरडायचो, ‘चला, आटपा.’ तो आवाज माझा होता. माझी भूमिका एका रुग्ण बाईंनी केली. घड्याळाकडे बघत टाळी वाजवायची माझी लकबही त्यांनी अचूक उचलली होती. हॉलमधले सगळे हसले, मी हसू शकले नाही. 19 वर्षांत मी ती रांग शेकडो वेळा बघितली होती आणि एकदाही दिसली नव्हती.

मग एक मावशी, आमच्याच कर्मचारी, उठल्या. म्हणाल्या, ‘थांबा.’ त्यांनी परिचारिकेची जागा घेतली आणि एक चादर दोरीवर टाकल्याचा अभिनय केला. दुसरी रुग्ण उठली आणि तिने सगळ्यांना बाकावर बसवून क्रमांकाची चिठ्ठी वाटली. पंधरा मिनिटांत प्रश्न सुटला होता. पुढच्या सोमवारी आम्ही बोळात खरा पडदा लावला आणि क्रमांक सुरू केले. आजही ते चालू आहे.

बरे होणे आणि व्यवस्था बदलणे या दोन गोष्टी त्या दिवशी माझ्या डोळ्यांपुढे एक झाल्या. जिला रोज सकाळी उघडे उभे केले जाते, तिला दुपारी समुपदेशनात स्वाभिमानाबद्दल सांगून काय होणार? आजार जसा माणसाच्या आत असतो तसा तो त्या बोळातही असतो. हेच बोआल यांनी पुढे फार मोठ्या पातळीवर केले. 1993 ते 1996 या काळात ते रिओ द जानेरोचे नगरसेवक होते. वस्त्या-वस्त्यांत नाटके करून लोकांकडून आलेल्या सूचना त्यांनी सभागृहात नेल्या आणि त्यांतून 13 कायदे झाले. चिलीमध्ये 1973 च्या लष्करी उठावानंतर ज्यांची माणसे गायब झाली त्या बायका उरलेल्या कापडाच्या चिंध्या शिवून चित्रे करत. एकत्र बसून शिवणे हा त्यांचा आधार होता, आणि देशाबाहेर गेलेली तीच कापडे साक्षी ठरली. 11 ऑक्टोबर 1987 रोजी वॉशिंग्टनच्या मैदानात एड्सने गेलेल्यांच्या नावांची गोधडी अंथरली गेली. 1920 पट्ट्या होत्या आणि प्रत्येक पट्टी तीन फूट बाय सहा फूट, साधारण एका कबरीएवढी. कोलकाता संवेद ही संस्था 2004 पासून मानवी तस्करीतून सुटलेल्या मुलींबरोबर नृत्य-हालचाल उपचार करते, आणि त्यांच्यातल्याच काही जणी आज इतरांना हे शिकवतात. या साऱ्यांत दुःख मोकळे करणे आणि दुःखाचे कारण दाखवून देणे एकाच हाताने झाले आहे.

त्या नाटुकल्यामुळे खोली बंद झाली असा आरोप मी करत नाही. माझ्याजवळ तसा आधार नाही. पण प्रयोग झाल्यावर प्रशासनाकडून ‘असले विषय कशाला’ अशी विचारणा आली होती, एवढे मला माहीत आहे, आणि दोन महिन्यांत ठराव झाला. या दोन्हींचा संबंध नसेल तर तसे लेखी सांगा. मी ते मानेन.

पाचवी तक्रार चित्रांची. खोली रिकामी करताना रुग्णांच्या चित्रांच्या फायली पोत्यांत भरून जिन्याखाली ठेवल्या आहेत. दोन पोती ओली झाली आहेत. त्या फायलींवर प्रत्येकीने स्वतःच्या हाताने नाव लिहिले आहे. काही जणींनी लिहायला शिकून पहिले लिहिलेले ते नाव आहे. दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या तेरेझीन छळवस्तीत फ्रिडल डिकर-ब्रँडाइस या चित्रकार बाई बंदिवान मुलांना चित्र शिकवत. त्या मुलांना चित्रावर आपले नाव घालायला सांगत, कारण तिथे माणसांचे आकडे झाले होते. 1944 च्या शरद ऋतूत त्यांना ऑश्विट्झला नेले आणि तिथे त्या मारल्या गेल्या. जाण्यापूर्वी त्यांनी सुमारे 4500 चित्रे दोन सुटकेसमध्ये भरून लपवून ठेवली. ती आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. मी दोन ठिकाणांची तुलना करत नाही, तशी करणे अन्याय होईल. इतकेच म्हणते की मरण समोर असताना एका बाईने मुलांची चित्रे जपण्याला महत्त्व दिले, आणि आमच्याकडे कोरडी जागा असताना ती जिन्याखाली भिजत आहेत.

आणखी एक. ताई गेल्यावर परिचारिकांनी आणि स्वयंसेवकांनी आठवड्यातून एकदा रंगकाम घ्यावे असे सुचवले गेले आहे. मी नकार देते, आणि तो आळसाने नाही. माती हातात घेतल्यावर कुणाला दहा वर्षांपूर्वीची रात्र आठवू शकते. तेव्हा काय करायचे, कुठे थांबायचे, कुठल्या साहित्याने हात स्थिर होतो आणि कुठल्याने मन आणखी उसवते, याचे प्रशिक्षण ताईंनी घेतले आहे, मी नाही. ब्रिटनमध्ये आर्ट थेरपिस्ट, म्युझिक थेरपिस्ट, ड्रामाथेरपिस्ट ही नावे नोंदणीशिवाय लावताच येत नाहीत, कायद्याने मनाई आहे. औषधाच्या कपाटाची किल्ली आपण कुणाच्याही हाती देत नाही. ही किल्लीही तशीच समजा.

अडचणीही मला दिसतात. केसपेपर ठेवायला जागा नाही हे खरे आहे, कायद्याने ते जपावे लागतात. पैसा कमी आहे हेही खरे. पण दुसऱ्या मजल्यावरची जुनी बैठकीची खोली वर्षभर बंद आहे आणि कागद तिथे राहू शकतात. माणसांना मात्र तळमजलाच हवा, कारण आमच्या निम्म्या बायकांना जिना चढवत नाही. शिवाय त्या खोलीत पाण्याचा नळ आहे आणि बागेकडे उघडणारे दार आहे. पहिल्या वर्षी त्या दारापाशीच बसून राहणाऱ्या किती जणी होत्या, ते वह्यांत आहे.

माझ्या मागण्या अशा:

1. कलाखोली तळमजल्यावर होती तिथेच, होती तशी परत सुरू करावी. अभिलेखांसाठी दुसऱ्या मजल्यावरची खोली वापरावी.

2. प्रशिक्षित कलोपचारतज्ज्ञाचे पद उपचार विभागात धरावे, मनोरंजनाच्या खर्चात नाही, आणि करार निदान तीन वर्षांचा असावा. एका रुग्णाला मातीवर अंगठा दाबण्यापासून नाव उच्चारण्यापर्यंत यायला दोन महिने लागतात. दर अकरा महिन्यांनी माणूस बदलून हे काम होत नाही.

3. चित्रकला स्पर्धेचा निर्णय मागे घ्यावा. रुग्णाने केलेली कुठलीही गोष्ट त्याच्या लेखी संमतीशिवाय कुठेही दाखवू किंवा छापू नये, आणि दिलेली संमती त्याला केव्हाही मागे घेता यावी.

4. जिन्याखालची पोती या आठवड्यात उचलून कोरड्या, कुलूपबंद जागी ठेवावीत. ज्या रुग्णांना डिस्चार्ज मिळाला आहे त्यांना कळवून फायली परत द्याव्यात. ज्यांना नको असतील त्यांच्या फायलींचे काय करायचे, हे त्यांनाच ठरवू द्यावे.

5. रुग्णांनी बसवलेला फोरम प्रयोग वर्षातून दोनदा व्हावा. मंडळाच्या किमान दोन सदस्यांनी तो बघायला यावे आणि त्यातून आलेल्या सूचनांना तीस दिवसांत लेखी उत्तर द्यावे.

6. कर्मचाऱ्यांचा शनिवारचा तास चालू ठेवावा.

7. वर्षभराने या कामाचे मूल्यमापन बाहेरच्या तज्ज्ञाकडून करून घ्यावे. माझ्या वह्या मी त्यांना देईन. निष्कर्ष विरुद्ध आला तर तो मी वॉर्डात स्वतः वाचून दाखवीन.

आपली पुढची बैठक महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी आहे. तिथे मला दहा मिनिटे द्यावीत. माझ्याबरोबर ती खळगे पाडणारी बाई येणार आहे. आता ती घरी असते, नियमित तपासणीला येते आणि बोलते. आपल्याला काय सांगायचे ते तिने ठरवले आहे, मी विचारलेले नाही. तिची फाइल दुसऱ्या पोत्यात आहे, ओल्या. तेवढी एक गुरुवारच्या आत बाहेर काढून ठेवावी ही विनंती.

आपली विश्वासू,
एक परिचारिका, महिला वॉर्ड